विश्रामकाकांची वेब्ली

कादंबरीने विश्रामकाकांचं मनगट पकडलं आणि रिव्हॉल्व्हर धरलेला त्यांचा हात समोरच्या मातीच्या बांधाकडे वळवला. बोलली ती नंतर.

"काका, नळी."

"अगं, रिकामी आहे ती."

टार्गेटच्या उजव्या कोपऱ्यात गोळ्या का जातायत हे तिला सांगायला ते वळले होते, आणि त्यांच्याबरोबर हातातली वेब्लीही वळली होती. शेजारच्या जागेवरचा माणूस नुकताच मागे कॉफी घ्यायला गेला होता. तो तिथे उभा असता तर नळी सरळ त्याच्या बरगड्यांवर आली असती.

तिने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने बाजूचा खटका दाबून तिने रिव्हॉल्व्हर उघडलं. वेब्ली बिजागरीसारखी मधोमध वाकते आणि आतलं सगळं आपोआप बाहेर फेकते. चार रिकाम्या पुंगळ्या बाकावर पडल्या. त्यांच्यामागून दोन भरलेली काडतुसं घरंगळत आली.

मेलबर्नच्या ऑगस्टमधला, ऐन हिवाळ्यातला बोचरा वारा पत्र्याच्या छपराखालून आत शिरत होता. विश्रामकाका बराच वेळ त्या दोन काडतुसांकडे बघत राहिले. शिशाच्या गोळ्या त्यांनी स्वतः ओतलेल्या होत्या.

"दोन राहिली वाटतं," ते म्हणाले.

"आज पुरे करू या, काका."

त्यांनी मान हलवली. वेब्ली पुसली, पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं. सगळं नेहमीच्याच क्रमाने, नेहमीच्याच शांतपणे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कादंबरी पाहत राहिली आणि मग नेमबाजी क्लबच्या कॅप्टनला, बॅरीला, शोधायला गेली.

ती रेंज ऑफिसर होती. लाइनवर, म्हणजे जिथून गोळ्या झाडतात तिथे, काय घडतं त्याची जबाबदारी तिची होती. पण बॅरीच्या खोलीपर्यंतचा तो रस्ता तिला फार लांब वाटला. मेलबर्नला येऊन वर्ष झालं तेव्हा एका मैत्रिणीबरोबर ती गंमत म्हणून या क्लबवर आली होती, आणि पहिली गोळी तिने डोळे मिटून झाडली होती. तेव्हा मागून मराठीत आवाज आला होता, "उघडे ठेव. जे करतेयस ते बघ तरी." विश्राम सामंत. पिंपरीहून तरुणपणी इथे आलेले, गाड्यांच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले, जुन्या लष्करी पिस्तुलांचं वेड असलेले. लायसन्ससाठी लागणारी सगळी तयारी त्यांनीच तिच्याकडून करून घेतली. पहिल्या महायुद्धातली ती वेब्ली ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. तिला त्यांनी ती दिली होती.

बॅरीने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि क्लबची चाचणी होईपर्यंत विश्रामने लाइनवर पाऊल ठेवायचं नाही, तो म्हणाला. तसा ईमेल आजच जाईल.

"ईमेल नको," कादंबरी म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"शुअर, मेट?"

"शुअर."

बुधवारी ऑफिस सुटल्यावर ती वेरिबीला त्यांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी, रेखाकाकू, थालीपीठं लावत होत्या. त्यांनी तिला गॅरेजकडे पिटाळलं. तिथे जमिनीला बोल्ट ठोकून बसवलेली लोखंडी तिजोरी उघडी होती आणि विश्रामकाका बाकावर फडकं अंथरून वेब्लीला तेल देत होते. शनिवारी जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरची वार्षिक मॅच होती. गेल्या वर्षी त्यांचं पदक एका गुणाने हुकलं होतं.

"ये. चापाची स्प्रिंग बदललीय, बघ. लोण्यासारखा चाललाय आता."

येताना ठरवलेली वाक्यं तिने सोडून दिली.

"काका, शनिवारी तुम्ही लाइनवर यायचं नाही."

फडकं चालतच राहिलं. "बॅरीचा हुकूम का?"

"बॅरीला मी सांगितलं."

फडकं थांबलं.

"तिथे कोणी बघितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मी बघितलं."

"एकदा झालं. इतक्या वर्षांत एकदा. काडतुसं किती उरलीत ते विसरलो. माणूस विसरत नाही का?"

"तुम्ही विसरलात, ते समजू शकते. पण रिकामी आहे म्हणालात तेव्हा तुम्हाला पक्की खात्री होती. मला त्याची भीती वाटते."

त्यांनी वेब्ली फडक्यावर ठेवली. बोटांना लागलेलं तेल ते अंगठ्याने चोळत राहिले.

"डॉक्टरांकडे जाऊन या," ती म्हणाली. "मग क्लब चाचणी घेईल. मी स्वतः येईन तुमच्याबरोबर."

"आणि नापास झालो तर?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "तर परत लाइनवर नाही."

"तुला हातात पिस्तूल धरायला कोणी शिकवलं गं?"

"तुम्ही. म्हणून ईमेल येऊ दिला नाही. मी आले."

"मी येणार शनिवारी." ते तिच्याकडे न बघता बोलले. "अडवायचं तर सगळ्यांसमोर अडव. होतं का बघ."

रेखाकाकू दारात उभ्या होत्या, हातात ताटली. किती वेळ, ते कळलं नाही. कादंबरी निघाली तेव्हा त्या गाडीपर्यंत आल्या, तिचा दंड धरला, काहीतरी म्हणणार अशा थांबल्या. मग थालीपीठांचा डबा तिच्या हातात देऊन आत गेल्या.

शुक्रवारी बॅरीचा फोन आला: हवं तर उद्या लाइन मी सांभाळतो, तू सुट्टी घे, नो वरीज. तिने नाही म्हटलं. आरशासमोर उभं राहून एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत काय बोलायचं ते म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा आवाज कापला.

शनिवारी सकाळी क्लबजवळच्या यू यांग्जच्या टेकड्यांवर ढग उतरले होते. मॅचला बरीच माणसं आली होती. कोणाकडे रशियन नागां रिव्हॉल्व्हर, कोणाकडे स्मिथ अँड वेसन, प्रत्येकाच्या पेटीत कुठल्या तरी युद्धातून आलेलं काहीतरी. विश्रामकाका इस्त्रीचा शर्ट आणि वर जाड स्वेटर घालून आले. लोकांनी त्यांना हात केले, त्यांनीही केले. कादंबरीकडे न बघता ते आपल्या नेहमीच्या जागेवर, टोकाला गेले, आणि पेटी बाकावर ठेवली.

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काका, पेटी उघडू नका."

त्यांनी किल्ली फिरवली.

बॅरी दोन पावलं पुढे आला. तिने हाताने त्याला थांबवलं. मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाइन इज क्लोज्ड. मी सांगेपर्यंत कोणीही पेटीला हात लावायचा नाही."

बोलणी थांबली. कोणीतरी हसत काहीतरी विचारलं, त्याला शेजाऱ्याने गप्प केलं. सगळ्यांच्या नजरा टोकाच्या बाकाकडे गेल्या. विश्रामकाकांची मान लाल झाली होती. झाकणावर त्यांची बोटं होती, आणि त्या बोटांपासून हातभर अंतरावर कादंबरी उभी होती. ती तिथून हलली नाही.

"सगळे खोळंबलेत," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"खोळंबू देत."

"मॅच रद्द करशील?"

"करीन."

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं, आणि तो राग तिने अंगावर घेतला, नजर न काढता. छपरावर पावसाचे थेंब वाजू लागले. मग किल्ली उलटी फिरली. त्यांनी पेटी उचलली आणि माणसांमधून वाट काढत ते मागच्या खोलीकडे गेले.

तिने एक श्वास घेतला.

"लाइन इज ओपन," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज कापला नाही.

मॅच दुपारपर्यंत चालली. तिने एकही आदेश चुकवला नाही. टार्गेटं उतरवून, पुंगळ्या झाडून ती मागे आली तेव्हा माणसं पांगली होती आणि बॅरी खोलीच्या दारात तिची वाट पाहत होता.

"पिस्तूल क्लबच्या तिजोरीत ठेवून गेलाय," तो म्हणाला. "सही करून. आणि हे तुला द्यायला सांगितलं."

गाडीची किल्ली होती.

"म्हणजे? गाडी बिघडली का?"

"मीही विचारलं. नाही म्हणाला. टॅक्सी बोलवायला लावली आणि गेला."

पार्किंगमध्ये एकच चंदेरी गाडी उरली होती, पावसात भिजत. कादंबरी तिच्याभोवती फिरली. डावीकडच्या दोन्ही दारांवर पुढून मागपर्यंत लांब ओरखडा होता, त्यात कुठल्या तरी कुंपणाचा हिरवा रंग बसलेला. आरसा चिकटपट्टीने बांधला होता. ओरखड्याच्या कडांना गंज धरू लागला होता. हे या आठवड्यातलं नव्हतं; वेब्लीच्या कितीतरी आधी गाडीवरही त्यांचा अंदाज चुकला होता.

मग पावसातच तिने काकांच्या घरी फोन लावला. रेखाकाकूंनी उचलला.

"पोचले का काका?"

"पोचले. बसलेत गॅरेजमध्ये."

"देता का त्यांना?"

फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून काहीतरी अस्पष्ट बोलणं.

"आज तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतायत," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज रडल्यासारखा होता, पण हलका. "डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळालीय. तू किती वाजता न्यायला येशील, तेवढं विचारून घे म्हणाले."

कादंबरीने ओल्या हाताने चेहरा पुसला.

"साडेआठला," ती म्हणाली. "तयार राहायला सांगा."