बॉल पुढे गेला होता

रविना तेजलच्या अंगावरून अडखळून पुढे पडली, तेव्हा कट्कन आवाज आला. मैदानात तो आवाज एकट्या तेजललाच ऐकू आला असावा, कारण तीही तिथेच मातीत पालथी पडलेली होती. पाठोपाठ अंपायर माधवी मॅडम ओरडल्या, "इंटरफिअरन्स! रनर आउट!" आणि मॅच संपली.

जानेवारीतला रविवार होता. अंबरनाथच्या मैदानावर मुलींच्या बेसबॉलची जिल्ह्याची फायनल होती. उल्हासनगरच्या कॉलेजची टीम पाच-चारने पुढे होती आणि तेजल त्या टीमची शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा सांभाळणारी. समोर बदलापूरचा क्लब. शेवटची इनिंग, दोन आउट, आणि सेकंड बेसवर रविना. ती होमपर्यंत, म्हणजे रन पूर्ण होतो त्या शेवटच्या बेसपर्यंत, आली असती तर बरोबरी झाली असती.

दोघी एकवीस वर्षांच्या. तेजल बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहायची, रविना बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या वाडीत. शाळेत तीन वर्षं दोघी माधवी मॅडमकडेच बेसबॉल शिकल्या होत्या. रविनाने आदल्या वर्षी कॉलेज सोडलं आणि पोलीस भरतीची तयारी धरली, म्हणून त्या दिवशी ती समोरच्या टीममध्ये होती.

मॅडमनी एकदा वर्गाच्या फरशीवर चपला मांडून हा नियम समजावला होता. बॅटने मारलेला बॉल अडवायला फील्डर धावत असेल, तर वाट तिची. रनरने बाजूने जायचं, धडकली तर रनर आउट. हा इंटरफिअरन्स. पण बॉल फील्डरला चुकवून पुढे गेला, की वाट रनरची. मग फील्डर आडवी आली, नुसती पडून राहिली, तरी चूक तिची. हे ऑब्स्ट्रक्शन. रनरला जिथपर्यंत पोचता आलं असतं, तो बेस तिला बहाल.

"झेप घेऊन पडले आणि उठायला वेळ लागला, तर?" तेजलने तेव्हा विचारलं होतं.

"पडणं खेळात धरतात. पडून राहणं धरत नाहीत," मॅडम म्हणाल्या होत्या.

फायनलमध्ये बॉल जमिनीलगत आला. तेजलने थर्ड बेसच्या बाजूला झेप घेतली. बॉल ग्लव्हजच्या टोकाखालून निसटून मागे लेफ्ट फील्डला गेला. तिला तो गेलेला कळला. मग रविनाचे बूट येताना दिसले. तेवढ्या वेळात उठता आलं असतं की नसतं, हे तेजलला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

रविनाच्या डाव्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. धावणं कसंबसं जमलं असतं, गोळाफेक शक्य नव्हती.

तेजलची राज्याच्या कॅम्पसाठी निवड झाली. घरी आईने शिरा केला. तेजलने खाल्ला. गोड होता एवढं समजलं. रात्री तिला शांत झोप लागली, सकाळी वेळेवर जाग आली, कॉलेजला गेली. रडू येत नव्हतं. रविनाचा फोन नंबर उघडायची, बघायची, बंद करायची. आत कुठेतरी दुखायला हवं, असं तिला वाटायचं. डॉक्टरने दाबून बघावं आणि आपण 'नाही, इथे पण नाही' म्हणत राहावं, तसं चाललं होतं.

आठव्या दिवशी ती माधवी मॅडमना भेटायला त्यांच्या शाळेत गेली. मॅडम पी.टी.च्या खोलीत दोऱ्या गुंडाळत होत्या.

"मॅडम, बॉल पुढे गेला होता."

मॅडमनी दोरी खाली ठेवली. "केव्हा?"

"रविना यायच्या आधी. मी नुसती पडलेली होते."

"बेसवरचा अंपायर त्या दिवशी आलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या. "मी एकटी, होमच्या प्लेटमागे. मला तुझी झेप दिसली आणि रविना दिसली. बॉल नाही दिसला. सांगायला हवं होतं, की नाही दिसला."

"आता बदलता येतं का?"

"नियम चुकीचा लावला असता तर बदलापूरच्या क्लबला तक्रार करता आली असती. मी नियम बरोबर लावला गं, दिसलं चुकीचं. नजरेवर तक्रार चालत नाही." मग म्हणाल्या, "असोसिएशनला पत्र देते. निकाल राहील. पण मला चुकीचं दिसलं, हे कागदावर राहू दे."

त्यांनी खरंच पत्र दिलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी तेजल टमटमने बारवीच्या रस्त्याला उतरली आणि वाडीपर्यंत चालत गेली. रविनाची आई चंद्री अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. रविना शेजारी, एका हाताने सोलत होती. दातात शेंग धरून उजव्या हाताने ओढायची.

"ये गं पोरी, बस," चंद्री म्हणाली. "एवढ्या उन्हाची चालत आलीस?" आणि पाणी आणायला आत गेली.

तेजल खाली बसली. वाटेत तिने चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच आलं. "बॉल पुढे गेला होता, रविना."

"माहिते मला."

"मी मॅडमना सांगितलं."

"बरं केलंस." रविनाने शेंग टोपलीत टाकली. "मी पण बघितला ना बॉल जाताना. तू पडलेली पण दिसली. बाजूने जायला जागा होती."

"मग गेली का नाहीस?" तेजलने विचारलं.

"तुमच्या लेफ्ट फील्डवालीचा थ्रो कडक आहे," रविना म्हणाली. "मला वाटलं, होमला आउट होणार मी. त्यापेक्षा हिच्यावर अडखळते. मॅडम ऑब्स्ट्रक्शन देणार, होम फुकटात. थोडंसंच अडखळायचं होतं यार. पाय चांगलाच अडकला."

"मग तू कोणाला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी मुद्दाम पडली आणि माझं हाड मोडलं?" ती हसली नाही. "आणि तू? मुद्दाम पडून राहिलीस?"

"माहीत नाही."

"खरं सांग."

"खरंच माहीत नाही."

रविनाने मान हलवली, जणू हे उत्तर चालण्यासारखं होतं. चंद्री पाणी घेऊन आली. तेजल ते प्यायली आणि तिने टोपली पुढे ओढून शेंगा सोलायला घेतल्या. दुपारी तिघींनी तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली. रविनाची भाकरी चंद्रीने मोडून दिली. निरोप घेताना कोणी कोणाची माफी मागितली नाही.

तेजल कॅम्पला गेली. दोन मॅच बाहेर बसली, तिसऱ्यात खेळली, बरी खेळली. परत आल्यावर तिने ग्लव्हज कॉलेजला जमा केले आणि पुन्हा नेले नाहीत. कोणी कारण विचारलं तर अभ्यास म्हणायची.

रविनाची ती भरती गेली. पुढची दीड वर्षाने आली. मैदानात ती चांगल्या गुणांनी पास झाली, लेखीत दोन मार्कांनी राहिली. आता ती सोनिवलीतल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे आणि पुढच्या भरतीचा फॉर्म तिने भरला आहे. तेजल कधी कधी नोकरीवरून येताना तिथे थांबते. रविना खुर्ची देते, स्वतः उभी राहते.

मागच्या महिन्यात तेजलने विचारलं, "त्या मॅचचं तुला काही वाटतं का गं?"

रविनाने एका स्कूटरवाल्यासाठी गेट उघडलं, तो आत गेल्यावर लावलं, आणि थोडा वेळ खरंच विचार केला.

"नाय," ती म्हणाली. "तुला?"

"मला पण नाही."

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, आणि रविना पुन्हा गेटकडे वळली.