लांबून देखरेख

पुष्पांजली नागपूरच्या एका कंपनीसाठी सातवी-आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या घरात मागच्या खोलीत तिचा लॅपटॉप मांडलेला असे. तिच्यासाठी म्हणून पुण्यात राहणाऱ्या तिच्या मोठ्या भावानं, हर्षलदादानं, तिकडून नवा राऊटर आणला आणि स्वतः बसवून दिला. त्या दिवशी तिनं हौसेनं त्याच्या आवडीच्या पुरणपोळ्या केल्या होत्या.

दिवाळीनंतर वर्ग तुटायला लागले. अपूर्णांक समजावता समजावता मुलांचे चेहरे जागच्या जागी थिजायचे. राऊटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच. पालकांच्या तक्रारी वाढल्या, तशी कंपनीनं ताकीद दिली.

तिनं दादाला फोन केला. तो म्हणाला, "रिस्टार्ट करत जाय. गावातलं नेट असंच राह्यते."

नेटवाल्याचा माणूस येऊन तार तपासून गेला. तार चांगली होती. शेवटी कंपनीनं आठवीची तुकडी तिच्याकडून काढून घेतली, तेव्हा तिनंच राऊटरच्या आत शिरायचं ठरवलं. पासवर्ड राऊटरच्या बुडाशी चिकटवलेला होता. आतलं पान उघडलं तर मेमरी जवळजवळ भरलेली आणि प्रोसेसर पूर्ण ताणावर. घरात तर त्या वेळी तिच्याशिवाय कुणीच नेट वापरत नव्हतं.

राऊटरमध्ये मागे चालणाऱ्या सेवांमधली, म्हणजे छोट्या प्रोग्रामांमधली, एकच सगळी ताकद खात होती. तिनं ती बंद केली. आकडे झरझर खाली आले. तिला हायसं वाटलं. पण चहा घेऊन परतली तर तीच सेवा पुन्हा चालू. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू झाली. कुणीतरी ती सेवा चालू करत होतं.

सेटिंग धुंडाळताना तिला 'लांबून देखरेख' असं पान सापडलं. जोडलेल्या उपकरणाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायची, ती पुण्यात दादाच्या मोबाइलवर पाठवायची आणि ही सेवा कुणी बंद केली तर ती आपोआप सुरू करायची, असं ते काम होतं. छोट्या राऊटरला ते पेलवत नव्हतं. घरातले तिन्ही मोबाइल त्यात नव्हते. नजर फक्त एका उपकरणावर होती: तिच्या लॅपटॉपवर.

मग तिनं देखरेख बंद केली आणि पासवर्ड बदलला.

थोड्याच वेळात दादाचा फोन वाजला. तिनं स्पीकर चालू केला.

"पुष्पा, राऊटर ऑफलाइन दाखवून राह्यला. तू काय केलं त्याले?"

"तुले पुण्यात बसून कसं समजलं, दादा?"

तिनं देखरेखीचं पान पुन्हा समोर घेतलं.

"मी कोणाशी बोलतो, काय पाहतो, सारं तुह्या मोबाइलवर येते ना? माह्ये वर्ग तुटून राह्यले होते, अन् तू मले रिस्टार्ट कर म्हणे!"

"दोन स्थळं मोडली तू. कोणी असन त मालूम तर पडावं. बाबांनीच सांगितलं होतं मले."

तिनं मान वळवली. बाबा, भगवानराव, दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा, काही सापडलं काय?"

"नाही," ते म्हणाले. "गणितच होतं सारं."

"मंग बंद काऊन नाही केलं?"

आई, कोकिळाबाई, आतून म्हणाली, "तुह्या भल्यासाठीच केलं ना बाई. बापावर आवाज चढवू नको."

नेट आता एकदाही अडखळलं नाही. पण तिच्या जागी दुसरी शिक्षिका आल्याचा कंपनीचा मेल दुसऱ्याच दिवशी आला. राऊटरचं खरं कारण तिनं कळवलं नाही. घरचे माझ्यावर नजर ठेवत होते, हे परक्यांना कसं लिहायचं?

तिनं बुलढाण्याच्या एका शिकवणी वर्गात अर्ज केला. घरात कुणी अडवलं नाही, याचं तिला नवलच वाटलं. पहिल्या दिवशी ती एसटीनं गेली. वर्गाच्या मालकानं तिला खुर्ची दिली, वेळापत्रक समजावलं आणि तो मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या वडलांचा फोन येऊन गेला, मॅडम. मी म्हटलं, काही फिकर करू नका. येतात कधी, जातात कधी, सगळं कळवत जाईन."

पुष्पांजलीनं खडू उचलला आणि वर्गात गेली.