आळ कोळ्यावर

वृषालीने द्राक्षाच्या पानावरचा कोळी काचेच्या बाटलीत पाडला आणि कॉलेजातलं भिंग काढून तिथंच वेलीखाली उकिडवी बसली. करडा, केसाळ, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याने टुणकन उडी मारली आणि वळून तिच्याकडेच टक लावली.

"समोर चार डोळे, मधले दोन थोरले. ह्यो उड्या मारनारा कोळी. जाळं न्हाई विनत, झेप घालून माश्या, तुडतुडे धरतो," ती म्हणाली. "आई, ह्याच्यानं फोड येत न्हाईत."

तिच्या आईचे, रंगुबाईचे हात मनगटापासून कोपरापर्यंत फोडांनी भरले होते. कात्रीने घडांतले जादा मणी काढून विरळणी करणाऱ्या अकरा बायकांपैकी सात जणींचे तसेच. बागायतदार आप्पासाहेबांनी बघताक्षणी निकाल दिला होता : कोळी मुतला, गेरू लावा. गेरू फासून बायका पुन्हा वेलीखाली उभ्या राहिल्या. सांजेला औषध फवारायचं आणि सकाळी ओल्या पानांत बायका घालायच्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली जुनी रीत. त्यात कोळ्याला वकीलही मिळत नाही.

आप्पासाहेब ओळीतून चालत आले.

"काय गं, नाताळच्या सुट्टीत आमची बाग तपासतीस व्हय?"

"बाग न्हाई. कोळी तपासला."

"बारा वर्सं बाग करतोय मी. आता तू शिकवनार?"

"वृषे, गप बस," रंगुबाई पुटपुटली. उद्यापासून येऊ नको म्हणाले तर, ही भीती तिच्या तोंडावर उघडी दिसत होती. त्या भीतीचाच वृषालीला जास्त संताप आला.

तिने बाही वर सारली आणि बाटली हातावर उपडी केली. कोळी कोपरापर्यंत चालला, थांबला, आणि उडी मारून पानाआड गेला.

"उद्या ह्यो हात समद्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ होता. बायकांनी तो उलटसुलट करून पाहिला. आप्पासाहेबांनीही पाहिला.

"एखाद्याला न्हाई बाधत," ते म्हणाले.

वृषालीने कालच्या सांजेला फवारलेली एक फांदी ओढणीने धरून त्यांच्यापुढे वाकवली. पानांवर पांढरट थेंब होते.

"मंग ह्याच्यावर हात घासा तुमी. कोळी न्हाई हितं, झटकून घेतलंय."

आप्पासाहेबांचा उजवा हात निम्मा वर आला. मग तो सदऱ्याच्या खिशात गेला. पाठोपाठ डावाही गेला.

रंगुबाईने कात्री वेलीच्या बुंध्याशी ठेवली. शेजारणीने तिच्याजवळ आपली ठेवली, मग तिसरीने.

"फवारल्यावर आठ दिस आमी आत यायच्या न्हाई, आप्पासाहेब," रंगुबाई म्हणाली. "मागनं बोलवा. न्हाई बोलावलं तरी चालंल."