बावीस पिशव्या, वीस पिल्लं

कंटेनरमध्ये बेटांवरच्या छोट्या बोआ सापाची एक मादी, तिची वीस पिल्लं आणि जन्मावेळच्या बावीस पातळ, फाटलेल्या पिशव्या होत्या. एका पिशवीत एकच पिल्लू असतं, म्हणजे दोन कमी. सॉलोमन बेटांवरून लाकूड भरून आलेला हा कंटेनर माउंट वेलिंग्टनच्या तपासणी यार्डात देवव्रतने एकट्याने उघडला होता.

"बॅग दाखव रे," सुपरवायझर परेश म्हणाला. "या देशात साप नाहीत. साप पाळणारे हौशी लोक एका पिल्लाचे तुला वाटेल तेवढे पैसे देतील."

"डब्यात पोळी-भाजी आहे. वाढू का?" देवव्रतने बॅग काखेत घट्ट धरली. मग साप तपासायला आलेल्या मला, पशुवैद्याला, हळूच म्हणाला, "स्वप्ना, माझी नोकरी जाईल गं."

बोआची मादी कधीकधी मेलेलं पिल्लू गिळते. मी तिचा एक्स-रे काढला.

पोटात पिल्लाचा एक कणा दिसला. लांबी सतरा सेंटीमीटर, म्हणजे एकच पिल्लू. दुसरं अजून कमीच होतं, आणि देवव्रतची बॅग अजून बंद होती.