गुरुजींनी कापलेलं नाव

रोहिदास गुरुजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसांचं गावाला कौतुक असतं आणि घरच्यांना ताप. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत ते एकोणीस वर्षं शिकवत होते, आणि त्यातली अकरा वर्षं मतदारयादीचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. दर हिवाळ्यात यादी घेऊन घरोघर फिरायचं, मेलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं कापायची, अठरा वर्षं झालेल्यांची लिहून घ्यायची.

पण दिवाळीनंतर पाड्यावर माणूस सापडतो कुठे? अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. दारात बसलेली म्हातारी एकच सांगायची, "जगायला गेलाय. येल शिमग्याला." गुरुजी त्यावर विश्वास ठेवायचे. जगायला गेलेल्याचं नाव कापायचं नाही, हा पाड्याचा रिवाजच होता. ती माणसं खरोखर परत यायची, त्यामुळे नियमालाही तो रिवाज कधी टोचला नाही.

गुरुजींचा एकुलता एक गौतम मात्र फार लांब जगायला गेला होता. नाशिकला नर्सिंग शिकला आणि आयर्लंडमधल्या एका इस्पितळात लागला. सहा वर्षांत एकदा आला, तोही आजीच्या दहाव्याला. नाव मात्र यादीत तसंच होतं.

लोकसभेच्या आधीच्या हिवाळ्यात तालुक्याला, मोखाड्याला, या कामाचं प्रशिक्षण झालं. परदेशी राहणाऱ्याचं नाव साध्या यादीतून काढा, असं साहेबांनी बजावून सांगितलं. त्याला मत द्यायचं असेल तर त्याने पासपोर्ट जोडून वेगळा अर्ज करायचा, आणि मतदानाला स्वतः केंद्रावर यायचं. तिकडे बसून मत देता येत नाही.

गुरुजींनी आल्या आल्या शेजारच्या पुंजाच्या मधूचं नाव कापलं. मधू तीन वर्षं मस्कतला होता. पुंजा भांडला नाही, नुसता हसला. म्हणाला, "बरोबर हाय गुरुजी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं."

ते वाक्य गुरुजींच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते यादी घेऊन स्वतःच्याच ओटीवर बसले आणि बायकोला रीतसर विचारलं, "गौतम रोहिदास. राहतो का इथं?"

गोदा सुपात नागली पाखडत होती. तिने मानही वर केली नाही. "जगायला गेलाय. येल."

गुरुजींनी नाव कापलं. ते तिला सांगितलं नाही. गौतमला अर्जाबद्दल कळवायला दोनदा मोबाइल हातात घेतला, दोनदा लिहिलेलं पुसलं. अर्ज भर म्हणायचं म्हणजे परत येणार आहेस का, असंच विचारल्यासारखं होतं, आणि त्याचं उत्तर ऐकायची त्यांची छाती नव्हती. खरं सांगायचं तर उत्तर त्यांनी मनात कधीच लिहून टाकलं होतं. कुठला येतोय तो!

आणि मे महिन्यात गौतमचा फोन आला. मतदानाला येतोय, चार दिवसांची सुटी मिळालीय, तिकीटही काढलं.

गोदाने टँकरच्या पाण्यातले दोन हंडे राखून अंगण सारवलं. गुरुजी तेवढ्यात मोखाड्याला जाऊन आले. अर्जाची मुदत संपली होती. तेव्हा तरी पोराला सांगायचं, पण तिकीट रद्द करील ही भीती. मत नसलं तरी पोरगा डोळ्यांना दिसेल, हा स्वार्थ त्या सरळ माणसाला सुटला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर जांभळीच्या सावलीत गुरुजींचं टेबल होतं. नाव शोधायचं आणि चिठ्ठी द्यायची. गोदा चिठ्ठी घेऊन रांगेत गेली. मागे गौतम, खिशात पासपोर्ट.

"माझी द्या, बाबा."

गुरुजींनी सगळं सांगितलं, खाली बघत. गौतमने अर्धवट काढलेला पासपोर्ट परत खिशात सारला.

"मी तपासलंही नाही," तो म्हणाला. "मोबाइलवर दिसतं सगळं. पण म्हटलं, यादी तर बाबांच्याच हातात आहे."

"अजून भरू की अर्ज. पुढच्या वेळी येशील तेव्हा नाव असेल."

"पुढच्या वेळी चालणार नाही, बाबा. मला तिकडचं नागरिकत्व मिळतंय. ऑगस्टमध्ये शपथ आहे. मग हा पासपोर्ट जमा करायचा, आणि इथलं मत संपलं." तो हळू बोलत होता, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना बोलत असेल तसा. "त्याआधी एकदा आपल्या शाळेत मत द्यावं, म्हणून आलो होतो. आईला आज काही सांगू नका."

पोरगा परका होणार याचं गुरुजींना दुःख होतंच, पण त्याने शेवटचं म्हणून जे मागितलं होतं ते त्यांनीच आधी खोडून ठेवलं होतं.

गोदा बाहेर आली. गौतमच्या बोटाला शाई नव्हती. त्याने नाव कापल्याचं तेवढं सांगितलं. ती नवऱ्याकडे वळली.

"समद्या पाड्याचं आयकलं तुम्ही. कुणी येल म्हणलं, का तुम्ही मानलं. मी येकली खोटी?"

तिने आवाज चढवला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. ती पदर सावरून घराकडे चालू लागली.

गौतम मात्र गेला नाही. बापाच्या टेबलाशेजारी बाकावर बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं अप्रूप. टाकलं का मत? जो तो विचारी. हात खिशात ठेवून गौतम हसून सांगे, "हो, सकाळीच." बापाची लाज झाकायला पोरगा सात-आठ माणसांशी खोटं बोलला. गुरुजी प्रत्येक वेळी ऐकत होते.

दुपार कलल्यावर पुंजा आला.

"गौतम, टाकलं का मत?"

"हो, सका..."

"नाही टाकलं," गुरुजी म्हणाले. "त्याचं नावच नाही. मी कापलं. हा काही येत नाही, असं मीच धरून चाललो होतो."

पुंजाच्या तोंडात एखादा टोमणा तयार असणार, पण तो बाहेर आला नाही. त्याने गौतमकडे डोळे भरून पाहिलं, पायांतल्या बुटांपासून केसांपर्यंत.

"मंग माझा मधू बी येल का, गुरुजी?" त्याने विचारलं.

गुरुजींना हो म्हणता येईना. आणि नाही म्हणायचा अधिकार आता त्यांच्याकडे उरला नव्हता. त्यांनी यादीत पुंजाचं नाव शोधलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. पुंजा थोडा थांबला, मग रांगेत जाऊन उभा राहिला.