आधी बोला, मग मला सरकवा

मित्रांनो, मला चार्जिंग लागत नाही, वायफाय लागत नाही आणि वय विचारलंत तर मी लाजतही नाही. सदुसष्ट वर्षांची आहे. मी बांबूची स्लाइड रूल, म्हणजे गणित करायची सरकपट्टी. वर आणि खाली एकेक पट्टी, त्यांच्यामधून मागेपुढे सरकणारी तिसरी, आणि वर एक छोटी काच. त्या काचेवर केसाएवढी बारीक रेघ. आकड्यासमोर आकडा आणला की रेघेखाली गुणाकार तयार. कॅल्क्युलेटर जन्माला यायच्या आधी जगभरचे इंजिनिअर माझ्या जातीच्या पट्ट्या खिशात घालून फिरत. पूल काय, धरणं काय, सगळं आमच्या जिवावर. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये म्हणतात. पण दुसरं कोणी वाजवेना, मग काय करणार?

माझ्यात एक खोट आहे, तीही आत्ताच सांगून टाकते. मला दशांश चिन्ह कळत नाही. अठरा असो, एक पॉइंट आठ असो की एकशे ऐंशी, माझ्या रेघेखाली सगळं सारखंच दिसतं. टिंब कुठे द्यायचं ते माणसाने आपल्या डोक्याने ठरवायचं.

माझा जन्म चीनमधला, युनफंग अभियांत्रिकी विद्यापीठाच्या वर्कशॉपमधला. तिथले मिस्त्री शेनमास्तर यांनी डोंगरातला बांबू तीन वर्षं वाळवला आणि मला घडवलं. माझ्यावरच्या रेघा आखताना ते श्वास रोखून धरत. एवढ्या मायेने मला नंतर कोणी हाताळलेलं नाही.

आता माहेरचं थोडं कौतुक ऐकून घ्याच. हे विद्यापीठ शंभर वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका बंदरात रेल्वेची शाळा म्हणून सुरू झालं. दोन खोल्या आणि चाळीस मुलं. पुढे लढाई पेटली, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी लेथ मशिनं होड्यांत चढवली आणि नदीने वर डोंगरात नेली. मुलं चाळीस दिवस चालत गेली. देवळात वर्ग भरले. दारांच्या फळ्या काढून त्यांवर नकाशे काढले.

तिथेच त्यांच्या हातून ती सुप्रसिद्ध चूक झाली. गावकऱ्यांसाठी ओढ्यावर झुलता पूल बांधायचा होता. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने पट्टी सरकवली, आकडा वाचला आणि टिंब एक घर चुकवलं. दोर आला हवा होता त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या ताकदीचा. पहिल्या दिवशी पुलावर आधी एक शेळी चढली. पूल तिथेच बसला आणि शेळी ओढ्यात पडली. शेळी पोहत काठाला लागली, पण विद्यापीठाची अब्रू वाहून गेली. दुसऱ्या दिवशी पूल शिकवणाऱ्या शूसरांनी नियम केला. पट्टीला हात लावण्याआधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, उत्तराचा अंदाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोलायचा, मग पट्टी सरकवायची. शूसर गेले, पट्ट्या गेल्या, पण युनफंगमध्ये अजून पहिल्या वर्षाच्या मुलांना हात पाठीमागे बांधून उभं करतात.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते एकोणीस वर्षांच्या लिन युएझेनने. साठ जणांच्या वर्गात मुली चार, आणि पूल शिकणारी ही एकटी. माझ्या मधल्या पट्टीला ती दर रविवारी टाल्कम पावडर लावायची, म्हणून मी लोण्यासारखी सरकायचे. लिन शिकली, तिथेच शिकवायला लागली. मग देशात अशी उलथापालथ झाली की विद्यापीठालाच टाळं लागलं. लिनला वीटभट्टीवर पाठवलं. अकरा वर्षं मी तिच्या उशीच्या अभ्र्यात होते. ते दिवस वाईट होते, त्यावर मी जास्त बोलत नाही. टाळं उघडलं तेव्हा पहिल्या बाकावर अठरा वर्षांचा पोरगा आणि शेजारी बत्तीस वर्षांचा दोन मुलांचा बाप, असा वर्ग भरला. लिन त्या दिवशी शिकवता शिकवता दोनदा बाहेर जाऊन डोळे पुसून आली.

पुढे कॅल्क्युलेटर आले आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. डब्यात पडून मी ऐकत होते. युनफंगची मुलं आता दऱ्यांवर पूल टाकतात, जगातल्या विद्यापीठांच्या याद्यांमध्ये युनफंगचं नाव वरच्या पानावर असतं. माहेराचं चांगलं ऐकलं की बरं वाटतं, मित्रांनो. पण आपली आठवण कुणाला नाही, हेही टोचतं.

त्याच डब्यातून मी मेलबर्नला आले. लिनचा मुलगा तिथल्या क्लेटन उपनगरात स्थायिक झाला होता आणि म्हातारपणी तीही त्याच्याजवळ राहायला आली. तिच्या मागच्या खोलीत गेल्या वर्षी भाडेकरू आली चिन्मयी. ही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटला, तिथून इथल्या युनिव्हर्सिटीला ट्रेन-बस करत यायला दोन तास, म्हणून ही सोय. एका दुपारी ही अंगणात बसून लॅपटॉपवर तुळईचं गणित करत होती. लिनआजींनी पाठीमागून उत्तर बघितलं आणि म्हणाल्या, "हात मागे. आधी अंदाज बोल."

चिन्मयीला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. पण तिने अंदाज बोलला आणि उत्तर शंभरपट चुकलेलं निघालं. तेव्हा आजींनी बटणांचा डबा उघडला आणि मला तिच्या हवाली केलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला पावडर लागली. खरं सांगते, मी सुखावले.

त्या दिवसापासून चिन्मयीच्या डोक्यात युनफंग शिरलं ते शिरलंच. तिने पुलांच्या पीएचडीसाठी अर्ज केला, इंटरव्ह्यू दिला, आणि त्यांचं पत्र आलं. जागा मिळाली, स्कॉलरशिपही मिळाली. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि बाबा नाही म्हणत होते.

बाबा म्हणजे श्रीनाथ, पुण्याहून आलेले आयटीवाले. सगळ्या गोष्टींची एक्सेल शीट करणारा माणूस. त्याने युनिव्हर्सिट्यांचीही केली होती, आणि दर वेळी नवा कॉलम काढून युनफंगला खाली ढकलत होता. चिन्मयी चोवीस वर्षांची, स्वतःच सही करून जाऊ शकत होती. पण बाबांना दुखवून विमानात बसायचं तिला जमेना. शनिवारी सकाळी ती मला घेऊन टार्निटला गेली. मला दाखवून बाबांचं मन वळेल, असं तिला वाटत होतं. माझ्यावर केवढी ही जबाबदारी.

तिकडे मागच्या अंगणात वेगळाच सोहळा. श्रीनाथ शेडसाठी काँक्रीटची फरशी घालणार होता. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी लाकडी चौकट ठोकून तयार. काँक्रीटची ऑर्डर फोनवर भरलेली, फक्त कन्फर्म दाबायचं बाकी.

"बाबा, ही बघ, युनफंगची पट्टी आहे," चिन्मयी म्हणाली.

"अरे वा, म्युझियम पीस," श्रीनाथ म्हणाला. "बघू तुझी युनिव्हर्सिटी किती पाण्यात आहे. माझ्या शीटप्रमाणे अठरा क्यूब, म्हणजे घनमीटर, काँक्रीट लागतं. ही काय म्हणते?"

चिन्मयीने त्याला सरकवायला शिकवलं. सहासमोर माझं टोक आणलं, तीनवर रेघ आणली, आणि रेघेखाली आले एक आणि आठ.

"अठरा. झालं की." तो खूश झाला. "चला, चायनाने पण अप्रूव्ह केलं." आणि त्याचा अंगठा फोनकडे निघाला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. टिंब कुठाय ते बघ रे बाबा, म्हणाले असते. पण मी पडले पट्टी.

"थांब बाबा," चिन्मयी म्हणाली. "हात मागे घे."

"काय?"

"दोन्ही हात मागे. आणि मोठ्याने सांग, फरशी किती जाड करणार?"

"शंभर मिलिमीटर."

"हाताने दाखव... नको, हात मागेच राहू देत. तोंडाने सांग, शंभर मिलिमीटर म्हणजे केवढी?"

श्रीनाथने हात पाठीमागे धरून विचार केला. "म्हणजे मुठीएवढी."

"आणि सहा बाय तीनच्या चौकटीत अठरा क्यूब ओतलं तर कुठपर्यंत येईल?"

त्याने मान वळवली. चौकटीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक मीटर. कमरेपर्यंत."

त्याची बायको मेधा कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "शेड बांधतोयस की धरण?"

शीटमध्ये त्याने जाडी एक लिहिली होती, पॉइंट एकच्या जागी, म्हणून एक पॉइंट आठचे अठरा झाले. दुपारी तीन ट्रक दारात उभे राहिले असते आणि शेजाऱ्याच्या कुंपणासकट सगळं काँक्रीटखाली गेलं असतं. मेधा हसता हसता बादलीवर बसली. चिन्मयीही हसली. श्रीनाथ मात्र हसला नाही. त्याने ऑर्डर दोन क्यूबची केली, फोन खिशात ठेवला आणि चौकटीच्या लाकडावर बसला. हात त्याने पुन्हा पाठीमागे घेतले.

"अंदाज बोलायचाच आहे तर हाही बोलतो," तो म्हणाला. "युनफंगचा नंबर मी बघितलाय. माझ्या कॉलेजपेक्षा कितीतरी वर आहे. प्रश्न त्याचा नाहीच. तू गेलीस की परत येणार नाहीस, असं वाटतं मला. मी कुठे गेलो परत?"

 मेधाने हातातली ओली उशीची खोळ तशीच धरून ठेवली होती.

"तू निघालास तेव्हा आजोबा काय म्हणाले होते?" चिन्मयीने विचारलं.

"काही नाही. बॅग उचलून रिक्षात ठेवली. मग मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत बसले. तेव्हा मला वाटलं, घाम आला असेल."

चिन्मयी त्याच्या शेजारी बसली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. थोड्या वेळाने श्रीनाथ म्हणाला, "सोमवार कशाला? आत्ताच कळव, हो म्हणून. आणि कळवायच्या आधी स्पेलिंग तपास, माझ्यावर गेली आहेस."

ती गेली. मला वाटलं होतं मलाही नेईल, मी माहेर बघेन. खोटं कशाला बोलू, विमानतळावर तिने मला बाबांच्या हातात ठेवलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण त्याला माझी जास्त गरज होती, हे मलाही दिसत होतं. श्रीनाथ आता दर शनिवारी मला घेऊन गाडीने क्लेटनला जातो, लिनआजींकडून पट्टी शिकायला. पावडर लावायचीही त्याला सवय झाली आहे. जरा जास्तच लावतो, मला शिंका येतील एवढी.

परवा आजींनी त्याला विचारलं, "हात मागे. चिन्मयी किती वर्षांत परत येईल?"

"चार," तो म्हणाला.

"माझा मुलगा इथे शिकायला निघाला, तेव्हा मीही चारच म्हटलं होतं," आजी म्हणाल्या.

श्रीनाथने अंगणाकडे बघितलं. तिथे आजींचा नातू लॉन कापत होता आणि आजींनी लावलेल्या मुळ्याला चांगली पानं फुटली होती. बघता बघता त्याने चहा संपवला.

मित्रांनो, मी जुनी पट्टी, तुम्हाला काय शिकवणार? घरातल्या म्हाताऱ्या वस्तू डब्यात टाकून विसरू नका, अधूनमधून त्यांना हात लावा, एवढं मागणं आहे. आणि यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याला विचारायच्या आधी आपल्या मनात काय आहे ते मोठ्याने बोला. चुकलं तर चुकलं. श्रीनाथ परवा चहाचा कप खाली ठेवून, हात पाठीमागे घेऊन, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"लिन मॅडम, मला चायनीज शिकवाल?"