मुक्याचं निदान

मुक्याला वाचा होती, पण तो ती जपून वापरायचा, म्हणून त्याला सगळे मुक्या म्हणत. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हा तो रडला नाही; मोडका हात दुसऱ्या हाताने धरून घरी आला आणि दारात उभा राहिला. बाप गेला त्या दिवशी घरात रडारड चालली होती आणि हा मागे जाऊन गळका नळ दुरुस्त करत बसला होता. नातेवाइकांनी नावं ठेवली. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ठेवली नाहीत. आपला भाऊ सगळं पोटात ठेवणारा आहे, हे तिला ठाऊक होतं.

पुढे तो गॅरेजमध्ये मेकॅनिक झाला. एका दुपारी तिथल्याच जोडीदाराशी त्याचा खटका उडाला आणि मुक्याने पान्हा उचलून त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही, तीनदा. ते ‘तीनदा’ ताईच्या घशाखाली कधीच उतरलं नाही. जोडीदार जागीच गेला. मग मुक्याने हात धुतले आणि पोलीस येईपर्यंत स्टुलावर बसून राहिला. कोर्टातही त्याच्या डोळ्याला पाणी आलं नाही. जन्मठेप झाली. बायको दुसरं घर करून निघून गेली आणि पाळण्यातली पोर ताईच्या पदरात पडली. ताईने शाळांचे गणवेश शिवून तिला वाढवलं. पोर हुशार निघाली, नर्सिंगला लागली.

बऱ्याच वर्षांनी मुक्याच्या सुटकेचा विचार व्हायची वेळ आली. त्याच सुमारास सर ताईच्या घरी आले. सर निवृत्त मुख्याध्यापक. तुरुंगात कैद्यांचा वाचनवर्ग फुकट चालवायचे; मुक्याही त्यात बसायचा. मोबाइलवर मानसशास्त्राची भाषणं ऐकून त्यांनी एक छोटा कोर्सही केला होता. माणूस वाईट नव्हता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता, एवढंच.

“सुटकेची समिती माझं मत विचारणार आहे,” सर म्हणाले. “तो लहानपणी कसा होता, जरा मोकळेपणाने सांगा.”

ताईने मशीन थांबवलं. भावाला समजून घेणारा कुणीतरी भेटला, असं तिला वाटलं. तिने मोडक्या हाताचं सांगितलं, नळाचं सांगितलं. सर मान डोलवत होते.

“अगदी जुळतंय,” ते म्हणाले.

ताईला ते शुभच वाटलं. जाताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला.

समितीसमोर सरांनी सांगितलं, की या माणसात भावना जन्मतःच नाहीत. बापाच्या मरणाचंही ज्याला काही वाटलं नाही, त्याला पश्चात्ताप कुठून होणार? असली माणसं सुधारत नाहीत, गोड वागायला शिकतात. तुरुंगातली मानसोपचाराच्या डॉक्टरांची जागा रिकामीच होती, त्यामुळे ‘तपासून बघू’ म्हणणारं कुणी नव्हतं. सुटकेचा अर्ज फेटाळला गेला. त्यामागचं कारण ताईच्या कानावर आलं, तेव्हा हातातली कात्री तिने हळूच खाली ठेवली. तिने माया म्हणून सांगितलेलं सरांनी पुरावा म्हणून नेलं होतं.

गोष्ट तिथेच थांबली असती तर एकवेळ चाललं असतं. सरांनी एका सभागृहात यावर भाषण दिलं. नाव घेतलं नाही, पण पान्हा म्हटल्यावर गावाला नाव कशाला लागतं! ‘हे बहुधा रक्तातूनच येतं,’ असंही ते बोलून गेले. भाषणाचं रेकॉर्डिंग फिरत फिरत पोरीच्या हातात आलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आत्या, परवा वॉर्डात एक लहान मूल गेलं. सगळ्या मुली रडल्या. मी चादर बदलली.”

“अगं, ते तुझं काम होतं.”

“मला रडू आलं नाही, आत्या.”

ताईने तिला जवळ ओढलं. पोर लाकडासारखी उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी ताई सरांच्या दारात गेली.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“डॉक्टर नाही, पण आयुष्यभर मुलं हाताळलीत. माणूस ओळखतो मी.”

“मग माझ्या पोरीचं काय?”

सर चपापले. चष्मा पुसत म्हणाले, “तिने... जरा स्वतःवर लक्ष ठेवावं.”

ताईला वाटलं होतं, आपण भांडू, ओरडू. पण ती आली तशी परत फिरली.

भेटीच्या खोलीत मुक्या जाळीपलीकडे येऊन बसला. केस पांढरे झाले होते.

“सर म्हणतात ते खरं असेल, ताई.”

“तोंड सांभाळ! त्या मेलेल्या माणसाचं तुला कधी वाईट वाटलं नाही?”

“वाटतं. रोज सकाळी वाटतं. पण सर म्हणाले, ते खरं वाटणं नव्हे, बघून शिकलेली नक्कल असते. आता माझं मलाच कळेनासं झालंय.”

ताईने जाळीत बोटं घातली. त्याने हात पुढे केला नाही.

“पोरीला आणू नकोस इकडे,” तो म्हणाला.

ती आपणहूनच यायची बंद झाली आहे, हे ताईने सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

पुढच्या खेपेला शिपाई आत जाऊन एकटाच परत आला. कैदी भेटीला नाही म्हणतो, म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तरी ताई जाते, बाकावर बसते, वेळ संपली की उठते.

पोरीने नर्सिंग सोडलं. आता ती एका गोदामात खोकी चिकटवते. शेजारणीने कौतुकाने बाळ पुढे केलं, तर हात मागे घेते आणि म्हणते, “नको, माझ्याकडे नको.”